मदत हवी आहे: चिखलातून आल्यापासून गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) चार्जिंग करत नाहीये

नमस्कार मंडळी, मुळशीकडे भातखाचरांच्या कडेच्या कच्च्या रस्त्याने फोर बाय फोर काढली होती, चिखल पार बोनेटच्या आत उडाला आणि परत येताना चांदणी चौकाच्या अलीकडे बॅटरीचा लाल दिवा लागला, वर बेल्टच्या बाजूने कर्रकर्र आवाज. मल्टिमीटर लावला तर इंजिन चालू असताना बॅटरीवर १२.१ व्होल्टच, खरं तर १४ च्या आसपास पाहिजेत. बेल्ट टाइट आहे, फ्यूज ठीक. मला वाटतं चिखल अल्टरनेटरच्या आत जाऊन ब्रश आणि स्लिप रिंगवर (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे भाग) बसलाय, बेअरिंगपण गेलं असणार. गॅरेजवाले म्हणतात अख्खा अल्टरनेटरच नवीन टाका, पण खोलून न बघताच असं सांगणं मला अजिबात पटलेलं नाही. ब्रश, बेअरिंग, रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) बदलून बऱ्याचदा भागतं ना?

पुण्यात नाना पेठेत किंवा वारजे-कोथरूडकडे अल्टरनेटर समोर खोलून दाखवणारा चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन कोणाला माहितीये का? आणि रिपेअर केलेला अल्टरनेटर पुढचा पावसाळा काढतो का, ज्यांनी करून घेतलाय त्यांनी प्लीज सांगा. तोपर्यंत गाडी सोसायटीतच उभी ठेवलीये, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून.