शब्दचर्चा : उष्माघाताचे मृत्यू, वाढीव मृत्यू आणि उकाडा

प्रश्न (जळगाव) : गावच्या दवाखान्यासाठी उन्हाळ्याचं माहितीपत्रक लिहितेय. ‘उष्माघाताचे मृत्यू’ आणि ‘उष्णतेमुळे झालेले मृत्यू’ एकच समजायचे का? आणि ‘वेट बल्ब’ला मराठीत काय म्हणायचं?

उत्तर (भुसावळ) : ताई, एकच नाहीत. ‘उष्माघात’ हे निदान आहे. अंगातलं तापमान ४० अंशांच्या वर जातं, माणूस बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते. भर दुपारी केळीचे घड वाहणारा मजूर असा कोसळला तर डॉक्टर उष्माघात लिहितात. पण पत्र्याच्या घरात तीन रात्री तळमळून हृदयाचा आजार असलेली म्हातारी गेली, तर दाखल्यावर ‘हृदयविकार’ येतो. उन्हाळ्यानेच नेलं, पण कागदावर ऊन नाही. बातमीतला उष्माघात बळींचा आकडा म्हणून फार तोकडा असतो.

म्हणून अभ्यासक कारण बाजूला ठेवून एकूण मृत्यू मोजतात आणि एरवी किती झाले असते ते त्यातून वजा करतात. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यात शहरात ४४६२ माणसं गेली. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी ताडून पाहिलं तर ३११८ अपेक्षित होती. उरलेल्या १३४४ ला मी ‘वाढीव मृत्यू’ म्हणेन. ‘अधिमृत्यू’ दवाखान्याच्या भिंतीवर कुणाला कळणार नाही.

उत्तर (धुळे) : ‘वाढीव मृत्यू’ पटला. वेट बल्बसाठी पुस्तकांत ‘आर्द्र तापमान’ वगैरे येतं, मला ‘ओल्या फडक्याचं तापमान’ बरं वाटतं. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की पाणी उडतं आणि पारा उतरतो. जिथे थांबतो ते हे तापमान. घाम वाळून अंग जास्तीत जास्त किती निवेल, त्याची ही हद्द.

आपल्याकडचा कूलर पाहा. मे महिन्यात ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असली की ओल्या फडक्याचा पारा २४ च्या आसपास असतो, वाळ्याच्या ताटीतून गार झुळूक येते. मृगाची एखादी सर पडून गेल्यावर ३४ अंश आणि ७० टक्के झाली की तोच पारा २९ वर जातो. कूलर नुसता घरघरतो, गादी ओलसर लागते. मेमध्ये आपण ‘ऊन तापतंय’ म्हणतो, जूनमध्ये ‘उकडतंय’. पत्रकात दोन्ही शब्द वेगवेगळे ठेवा.

प्रश्न (जळगाव) : मग ३५ ची मर्यादा कशाची सांगतात?

उत्तर (धुळे) : ती याच ओल्या फडक्याच्या पाऱ्याची, २०१० मध्ये शर्वूड आणि ह्युबर या शास्त्रज्ञांनी मांडलेली. तिथे सावलीत बसलेल्या धडधाकट माणसालाही काही तासांनी अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. पुढे अमेरिकेत तरुणांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ३१ च्या आसपासच शरीर हार मानू लागलेलं दिसलं. हवामान खात्याचा पारा ३५ झाला म्हणून हे लागू होत नाही, एवढं ठळक छापा.

उत्तर (भुसावळ) : ‘आर्द्रता’ शब्दही जपून वापरा. पहाटे २८ अंशांना ६० टक्के असलेली हवा दुपारी ४४ अंशांना २५ टक्क्यांवर येते, आणि वाफ तेवढीच असते. टक्केवारी तापमानासोबत हलते, म्हणून मृत्यूंच्या नोंदींशी तिचा मेळ घालताना गफलत होते. अनेक शहरांच्या नोंदींत दमटपणाचा वेगळा परिणाम फारसा सापडत नाही, शरीरशास्त्र मात्र तो मोठा असल्याचं सांगतं. हा वाद अजून मिटलेला नाही. हवेतली प्रत्यक्ष वाफ सांगायची असेल तर ‘बाष्प’ लिहा आणि टक्के असतील तिथे ‘सापेक्ष आर्द्रता’.

प्रश्न (जळगाव) : बरं. ‘उन्हाने गेले’ हे लोकांच्या तोंडचं शीर्षकात ठेवते, खाली ‘उष्माघात’ आणि ‘वाढीव मृत्यू’ वेगळे लिहिते.

उत्तर (भुसावळ) : ठेवा ताई. शिवाय रात्रीच्या उकाड्याला एक ओळ द्या. रात्री पारा उतरला नाही तर अंगाला सावरायला वेळच मिळत नाही.