झावळ्यांचं काय करायचं? गुरुवार रात्रीपर्यंत कळवा

घर १७ (बाग समिती), सोमवार सकाळ

नमस्कार मंडळी,

शनिवारी छाटणीवाले येत आहेत. त्यांच्या कागदावर "सर्व झाडे, पूर्ण छाटणी" असं आहे. पूर्ण म्हणजे किती, असं फोनवर विचारलं तर म्हणाले, वर सात-आठ झावळ्या ठेवतो, बाकी साफ करतो, मग दोन वर्षं बघायला नको. मी अजून सही केलेली नाही, आणि करावीशीही वाटत नाही. फाटकाजवळचे रॉयल पाम, पार्किंगमागची पंख्यासारख्या पानांच्या पामची रांग, खेळाच्या जागेजवळचे दोन माड आणि कोपऱ्यातले तीन शोभेचे खजूर, सगळ्यांना एकच माप कसं लावायचं? पण ही तारीख गेली तर पुढची लवकर मिळत नाही. हो की नाही ते कळवा.

घर ४, सोमवार दुपार

माझं हो. पूर्ण छाटा. मागच्या वादळात फाटकाजवळची झावळी कुणाच्या गाडीवर पडली हे सगळ्यांना माहीत आहे, काच मी स्वतः वेचली. वाऱ्याला धरायला पानच नसलं तर झाडावर जोर येणार नाही, इतकी साधी गोष्ट आहे. दर वेळी चर्चा करत बसतो आणि पावसाळी वारे सुटले की पळापळ होते.

घर १७, सोमवार दुपार

काका, तुमच्या गाडीचं झालं ते वाईटच झालं. पण पूर्ण छाटणीने झाड वाऱ्यात टिकतं हे खरं नाही. फ्लोरिडा विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाचा सल्ला नेमका उलटा आहे. बाहेरच्या झावळ्या वाऱ्यात वाकतात आणि मधल्या कोवळ्या पानांना आधार देतात. त्या काढल्या की उरलेला झुपका एकटा उभा राहतो, आणि अशा झाडांचे शेंडे मोडण्याचं प्रमाण जास्त असतं. आंब्या-वडाचं झाड फांदी मोडली तर दुसरीकडून फुटतं. एका खोडाच्या पामाला वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की झाड गेलं.

तुमच्या गाडीवर पडली ती रॉयल पामची झावळी होती. ती जात आपली वाळलेली पानं आपणच टाकते, देठाच्या रुंद म्यानासकट, साधारण महिन्याला एक. एका झावळीचं वजन वीस किलोच्या आसपास भरू शकतं. हिरवी पानं कितीही कापली तरी हे पडणं थांबत नाही. त्याखाली गाडी न लावणं हाच उपाय.

घर २९ (पार्किंग समिती), सोमवार संध्याकाळ

गाडी कुठे लावायची आणि कुठे नाही, हे पार्किंग समिती ठरवते. फाटकाजवळच्या दोन जागा पाहुण्यांसाठी आहेत, आणि त्या कशा मिळाल्या ते जुन्या मंडळींना आठवत असेल. झाडाचा प्रश्न झाडापाशी सोडवा.

घर ८, सोमवार रात्र

पार्किंगचं नंतर बघू हो. कोपऱ्यातल्या खजुरांकडे कुणी पाहिलंय का? खालची सगळी पानं पिवळी, टोकं करपलेली. माझ्या खिडकीसमोर रोज तेच दिसतं. हिरवी राहू देत, पण पिवळी तरी काढा. आजारी पान काढलं की झाडाची ताकद वाचते, असंच ऐकत आलेय.

घर २२, मंगळवार सकाळ

> आजारी पान काढलं की झाडाची ताकद वाचते

ताई, पामच्या बाबतीत हे उलटं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

काल संध्याकाळी त्यातली सर्वात खालची झावळी मी उजेडाकडे धरून पाहिली. टोकाकडची पाती नारिंगी, करपट, आणि त्यांवर तेलाचा शिंतोडा उडाल्यासारखे पारदर्शक ठिपके. बुडाकडच्या पात्यांच्या कडा लिंबासारख्या पिवळ्या, मधोमध मात्र हिरवा पट्टा. ही पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी पडल्याची खूण आहे. जमिनीतून पोटॅशियम मिळालं नाही की पाम ते जुन्या पानांतून ओढून नव्या पानांना देतो. म्हणजे ते पिवळं पान झाडाची शिदोरी आहे. ते कापलं की झाड त्याच्या वरच्या पानांकडे वळतं, मग तीही पिवळी पडतात, आपण तीही कापतो. वर्षानुवर्षं असं चाललं तर शेंडा बारीक होत जातो आणि शेवटी झाड मरतं. पिवळी पानं दर वर्षी कापूनही वाढत का गेली, त्याचं कारण हेच असावं.

करायचं ते खताचं. हळूहळू विरघळणारं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असलेलं पामचं खत. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, नवी पानं येऊन पूर्ण पिसारा बदलायला दोन-तीन वर्षं जातात. तेवढा धीर धरावा लागेल. आणि लॉनवर टाकायचं नत्र भरपूर असलेलं खत या झाडांच्या मुळांपर्यंत जाऊ देऊ नका, त्याने कमतरता आणखी वाढते.

घर १७, मंगळवार सकाळ

लॉनवरचं खत बाग समितीच टाकते आणि ते ठरवून टाकते. पण खजुरांच्या बुंध्यापर्यंत जातंय हे मान्य. तिथे थांबवते.

घर ११, मंगळवार दुपार

खजुरांबद्दल माझंही ऐका. आम्ही आधी राहत होतो तिथे असेच नऊ होते. छाटणीवाल्याने एकाच यंत्रकरवतीने पहिल्यापासून नवव्यापर्यंत कापत नेलं. पुढच्या वर्षी पहिल्याच्या एका झावळीची एका बाजूची पाती वाळली, दुसरी बाजू हिरवीगार. आम्हाला वाटलं उन्हाने झालं. ती फ्युजेरियम नावाच्या बुरशीने येणारी मर होती, झाड वाळवत नेणारा रोग. करवतीवरून ती एका झाडातून दुसऱ्यात जाते, आणि तिच्यावर औषध नाही. आम्ही सोडलं तेव्हा दोनच उभे होते. सातवा तोडला त्या दिवशी मी खाली गेलोच नाही.

यंत्रकरवत नीट निर्जंतुक करणं फार अवघड. साधी हातकरवत वापरा आणि प्रत्येक झाडानंतर ती ब्लीचच्या द्रावणात काही मिनिटं बुडवा. बुटांना खिळे लावून खोडावर चढू देऊ नका. पामच्या खोडाची जखम कधीच भरत नाही, ती भोकं जन्मभर राहतात.

घर ३५, मंगळवार रात्र

सगळे खजुरांवर बोलताय. पार्किंगमागच्या रांगेला वाळक्या पानांचा केवढा घागरा झालाय तो कुणी बघितला? त्यात उंदीर आहेत, मी दोनदा पाहिलेत. एक ठिणगी पडली तर सगळं पेटेल. ते काढायलाच हवं. पण माणसाला खालून त्या घागऱ्यात शिरू देऊ नका. वाळक्या पानांचा थर एकदम घसरून खाली येतो आणि आत अडकलेल्याचा श्वास कोंडतो, असे मृत्यू झालेले आहेत. शिडीच्या गाडीतून वरून खाली यायचं, हे लेखी घ्या.

घर ६, बुधवार सकाळ

त्याच रांगेत तिसऱ्या झाडावर, पानाच्या खालच्या बाजूला, घरटं आहे. काल पिल्लांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ते झाड या वेळी सोडा. बऱ्याच देशांत चालू घरटं काढणं गुन्हा आहे, पण तसं नसतं तरी मी हेच म्हणाले असते.

घर ४, बुधवार दुपार

घरट्याचं झाड सोडा, माझी हरकत नाही. खजुरांचंही पटलं. माडांचं मात्र मी सोडणार नाही. खाली मुलं खेळतात आणि नारळ किलोच्या वर भरतो. तिथे तरी पूर्ण छाटणी करा.

घर २२, बुधवार संध्याकाळ

काका, माडांच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, नारळ उतरवायलाच हवेत, आणि एकदाच नव्हे, दर काही महिन्यांनी. झाडावर फुलोरा सतत येत राहतो. पण हिरव्या झावळ्या ठेवा. नारळाचा घड खालच्या झावळीच्या देठावर टेकलेला असतो. आधार काढला की घड वाकतो आणि उरलेले नारळ अवेळी गळतात. मुलांच्या डोक्याचीच काळजी असेल तर हिरवी झावळी राहू द्यावी.

घर ४, बुधवार रात्र

हे मला माहीत नव्हतं. ठीक. नारळ उतरवताना खाली मी स्वतः उभा राहीन, मुलांना येऊ देणार नाही.

घर १७, गुरुवार रात्र

त्यांचा कागद परत पाठवला आणि नवा लिहून घेतला. पूर्ण वाळलेली पानं, फळांचे घड आणि नारळ तेवढे काढायचे. पान कितीही खाली झुकलेलं असलं तरी हिरवं किंवा पिवळं असेल तर हात लावायचा नाही. रॉयल पाम सोडले. खजुरांना हातकरवत, घागरा वरून खाली, खिळ्याचे बूट बंद. आधी कुरकुरले, म्हणाले यात पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागेल. मी म्हटलं, या.

घर २९, फाटकाजवळच्या दोन जागांचा निर्णय तुमच्या समितीचा. शनिवारपुरती पार्किंगमागची ओळ मात्र सकाळी सातच्या आत रिकामी हवी.

घर २९, गुरुवार रात्र

ओळ रिकामी करून देतो. पाहुण्यांच्या जागा झाडाखालून हलवून भिंतीकडे नेता येतील, उद्या मापून बघतो.

घर ६, शुक्रवार सकाळ

तिसऱ्या झाडाला लाल फीत बांधली आहे. फाटकाकडून मोजायचं, पाण्याच्या नळाकडून नाही. शनिवारी मी तिथे असेनच.