बंद होणाऱ्या समुद्रकिनारी मनोरंजन उद्यानाच्या इतिहासाचे जतन: मदत हवी आहे

समुद्रकिनाऱ्यावरचे एक जुने मनोरंजन उद्यान या हंगामाअखेर कायमचे बंद होत आहे. जमिनीचा व्यवहार झालेला आहे. चालू स्थितीतले पाळणे लिलावात जातील आणि ज्याला गिऱ्हाईक मिळणार नाही ते भंगारात निघेल. आम्हा काही स्वयंसेवकांना आत जाऊन नोंदी करण्याची परवानगी मिळाली आहे, परंतु ती केवळ तोंडी आहे. हाताशी वेळ आणि माणसे दोन्ही कमी असल्यामुळे आधी काय वाचवावे, याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

अशा उद्यानांचा पूर्वेतिहास पाहता, अवजड वस्तूंना कधीकधी वाली मिळतो असे दिसते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील स्टीपलचेस पार्क १९६४ मध्ये बंद झाले आणि १९६६ मध्ये पाडले गेले, तरी तिथला पॅराशूट जंपचा मनोरा आजही उभा आहे. त्याच किनाऱ्यावरचे ॲस्ट्रोलँड हे उद्यान २००८ मध्ये बंद झाले. तिथून हलवलेले रॉकेट (अवकाशप्रवासाचा आभास देणारा खेळ) २०१४ मध्ये परत आणले गेले. हरवतात ते कागद आणि कामगारांच्या हातातले कसब. इंग्लंडमधील मार्गेटच्या ड्रीमलँडमध्ये १९२० साली सुरू झालेल्या सीनिक रेल्वेवर (लाकडी रोलर कोस्टरवर) ब्रेक लावणारा माणूस गाडीतच बसत आला आहे. कोणत्या वळणाआधी किती जोर द्यायचा, हे त्याच्याकडून नोंदवून घेतले नाही, तर लाकडी सांगाडा जपूनही ती गाडी कशी चालत असे हे अर्धेच कळेल. म्हणून रंगीत लाकडी घोड्यांपेक्षा (त्यांचे छायाचित्र प्रत्येकाकडे असतेच) देखभालीच्या नोंदवह्या, वायरिंगचे नकाशे, सुट्या भागांच्या याद्या आणि चालकांच्या मुलाखती यांना मी अग्रक्रम देऊ इच्छितो. हा क्रम योग्य आहे का?

मुलाखतींबाबत एक पेच आहे. शांत खोलीत ध्वनिमुद्रण स्वच्छ होते, पण यंत्राजवळ उभा असलेला चालक हात हलवून जे दाखवतो ते खोलीत बसून त्याला सांगता येत नाही. यंत्र चालू असताना चित्रीकरण करून नंतर तेच चित्रीकरण दाखवत त्याच्याशी सविस्तर बोलावे, असा माझा विचार आहे. कोणी असे केले असल्यास अनुभव सांगावा. संमतिपत्रात ध्वनिमुद्रण पुढे कोण, कशासाठी वापरू शकेल, हे कोणत्या शब्दांत लिहावे? छायाचित्रांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण छापील प्रत उद्यानाच्या कपाटात असली तरी स्वामित्वहक्क बहुधा छायाचित्रकाराकडे असतो.

दुसरी अडचण खाऱ्या हवेची. कचेरीतल्या बऱ्याच फायली दमट असून काहींवर बुरशी आहे. पूर्ण भिजलेले कागद गोठवून ठेवल्यास बुरशीची वाढ थांबते हे ठाऊक आहे, पण नुसत्या दमट फायली इतर कागदांपासून वेगळ्या ठेवून हवेशीर जागी वाळवल्या तर तेवढे पुरेसे ठरेल का? लोखंडी पाट्या आणि तरफांच्या बाबतीत, धातूत मुरलेले क्षार तसेच राहिले तर वरून रंग देऊनही आत गंज वाढतच राहतो. जुन्या रंगाचे थर खरवडू नयेत असे माझे ठाम मत आहे: एक तर त्यांत शिसे असू शकते, आणि दुसरे म्हणजे पाळण्याच्या पूर्वीच्या रंगसंगतीचा तोच एकमेव पुरावा असू शकतो. मग थरांना धक्का न लावता क्षार काढण्याचा सुरक्षित मार्ग आहे का, की कोरड्या जागी ठेवून ते काम तज्ज्ञांवर सोपवावे?

शेवटी, तोंडी परवानगीचे लेखी पत्र करून घेताना त्यात काय असावे? निदान तीन गोष्टी हव्यात असे वाटते: कागद कायमचे दिले की केवळ स्कॅन करण्यापुरते, जमीन नव्या मालकाच्या ताब्यात गेल्यावर ही परवानगी टिकेल का, आणि आमचा गट विसर्जित झाल्यास संग्रह कोणत्या अभिलेखागाराकडे जाईल. अशा पत्राचा नमुना कोणाकडे असल्यास, नावे झाकून, कृपया इथे द्यावा.