पश्चिमेची बाल्कनी, दोघंही ऑफिसला, कुठली झाडं तग धरतील?

सातवा_मजला:
मंडळी, जरा मदत करा. ठाण्यात फ्लॅट आहे, बाल्कनी पश्चिमेला, साधारण दहा बाय चार, बाहेर ग्रिल. सकाळी ऊन अजिबात नाही पण दुपारी एकनंतर जे सुरू होतं ते मावळेपर्यंत, एप्रिल-मेमध्ये लादीवर पाय ठेवता येत नाही. आम्ही दोघंही नोकरीवाले, सकाळच्या घाईत पाणी घालणं जमलं तर जमलं. गणपतीला आठ-दहा दिवस कुडाळला जातो, मेमध्ये पण आठवडाभर घर बंद असतं. त्यात लेक दोन वर्षांची, हाताला लागेल ते तोंडात. सासूबाईंना पूजेसाठी तुळस आणि जास्वंद हवीच आहे. नर्सरीवाल्याला विचारलं तर त्याच्याकडचं प्रत्येक झाड ‘लो मेंटेनन्स’च असतं 😅 नक्की काय आणू?

ओली_माती:
आधी हे लक्षात घ्या की नुसतं लो मेंटेनन्स असं काही नसतं, तुमच्या उन्हाला चालणारं झाड म्हणजे लो मेंटेनन्स. मनी प्लांट सगळे सोपा म्हणतात आणि आहेही, पण पश्चिमेच्या थेट उन्हात त्याची पानं करपून पिवळी पडतात, त्याला हॉलमध्ये खिडकीजवळ ठेवा. स्नेक प्लांट, झेडझेड (जाड चकचकीत पानांचं शोभेचं झाड) पण आतच. झेडझेडच्या मुळांशी बटाट्यासारखे कंद असतात, त्यात पाणी साठवलेलं असतं, तीन आठवडे विसरलात तरी तक्रार नाही.

ग्रिलवर मात्र ऊन पिणारी झाडं घ्या. चिनी गुलाब (आमच्याकडे ऑफिस टाइम म्हणतात) डोळे झाकून लावा, नर्सरीतून आणायची पण गरज नाही, कुणाकडून बोटभर फांद्या आणून मातीत खोचल्या की झालं. फक्त फुलं ऊन आल्याशिवाय उघडत नाहीत, म्हणजे तुमच्याकडे ती दुपारी फुलणार, बघायला तुम्ही शनिवार-रविवारीच. सदाफुली, बोगनवेल, कोरफड, गवती चहा हेही चालतील. बोगनवेलीला तर पाणी थोडं कमी पडलेलंच बरं, जास्त घातलं की नुसती पानं.

आणि कुंडीत सवयीने रोज पाणी ओतू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. बाल्कनीतली झाडं तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त मुळं कुजून मरतात.

गच्चीवाली:
+१ पण लेक लहान आहे हे ओली_माती विसरले बहुतेक. सदाफुली विषारी असते, पानं पोटात जाता कामा नयेत. अडेनियमचा (फुगीर बुंध्याचं फुलझाड) चीक तसाच. डायफेनबेकिया (मोठ्या ठिपकेदार पानांचं शोभेचं झाड) तर घरातच आणू नका, पान चावलं की तोंडाची आग होते, जीभ सुजते. मनी प्लांट आणि झेडझेडचंही थोडंफार तेच आहे, म्हणून हे सगळं उंचावर टांगून ठेवा. खाली तिच्या हाताशी तुळस, गवती चहा, पानओवा असलं ठेवा, चावलं तरी काही बिघडत नाही. पानओवा तर लावाच, फांदी खोचली की जगतो, पावसाळ्यात भजी 😋 दुपारच्या कडक उन्हात पानं जरा लालसर होतात तेवढंच.

तुळशीची मंजिरी खुडत राहा हां. ती वर तशीच राहिली की झाड बी धरतं, खाली काडी काडी होते आणि मग लोक म्हणतात आमच्याकडे तुळस जगतच नाही.

कुंडी_नं_१३:
जास्वंदीला कुणी सोपं म्हणू नका प्लीज. पाणी भरपूर पितं, मोठी कुंडी लागते, बारा इंच तरी, आणि पिठ्या ढेकूण ठरलेला. कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं दिसायला लागतं. त्याआधीच खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली तर समजून जा, तो गोड चिकट रस सोडतो त्यासाठी त्या येतात. जोरात पाण्याचा फवारा मारून झाड धुवायचं, मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड, संध्याकाळी मारायचं, दुपारी नाही. सासूबाईंसाठी घ्यायचीच असेल तर ती साधी गावठी लाल घ्या, हायब्रीडचे रंग भारी पण लाड फार.

सातवा_मजला:
वा, बरंच कळलं. मग अडेनियम आणि सदाफुली लेक मोठी झाल्यावर. गणपतीतल्या पाण्याचं काय पण? खालच्या काकू घालतील पण त्यांना रोज सांगायला बरं नाही वाटत.

ओली_माती:
सदाफुलीचं गच्चीवाली बरोबर बोलल्या, तेवढी वगळा. गणपतीत काय काळजी करताय, पश्चिमेची बाल्कनी आहे, पावसाची झड थेट आत येते. तेव्हा उलट कोरफड आणि चिनी गुलाब भिंतीकडे सरकवून जा, नाहीतर परत याल तेव्हा लगदा. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

खरी परीक्षा मेची आहे. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या कुंड्यांना खालून निथळेपर्यंत पाणी, मग उन्हातून काढून आत उजेडात एकमेकींना चिकटवून ठेवा. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरा. जास्वंदीला तेवढ्याने भागणार नाही, तिच्याशेजारी स्टुलावर पाण्याची बादली ठेवून सुती नाडीचं एक टोक बादलीत तळापर्यंत आणि दुसरं मातीत चार बोटं खोल. नाडी आधी भिजवून घ्यायची.

कुंडी_नं_१३:
आणि ती बादली जाळीने झाका, पारवे येऊन अंघोळ करतात.