औषध आणि स्पर्धेचे नियम

‘औषध सुरू केले की व्यावसायिक गोल्फमधली एडीएचडीची (लक्ष टिकवणे अवघड करणाऱ्या अतिचंचलतेच्या विकाराची) अडचण संपते’, हे वरच्या प्रतिसादातले मत मला अर्धेच पटते. एकाग्रतेसाठी सर्रास दिले जाणारे मेथिलफेनिडेट हे उत्तेजक असल्यामुळे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) यादीत स्पर्धाकाळात निषिद्ध आहे, आणि हा स्पर्धाकाळ सामान्यतः आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. म्हणजे सरावात ज्या गोळीच्या आधारे लय बसवली, तीच गोळी स्पर्धेत घ्यायची तर निदानाची सविस्तर कागदपत्रे जोडून, उपचारासाठी वापराची सूट आधीच मिळवावी लागते. नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही. ॲटोमोक्सेटिन हे एडीएचडीवरचे दुसरे औषध मात्र या यादीत नाही, पण ते प्रत्येकाला मानवतेच असे नाही, त्यामुळे हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

दुसरे असे की, चार-पाच तासांच्या फेरीत प्रत्यक्ष फटके मारण्यात मोजकीच मिनिटे जातात आणि उरलेला वेळ चालण्यात व थांबण्यात जातो; मन भरकटते ते बहुधा तिथेच. एडीएचडीचे निदान झाल्याचे २०२३ मध्ये जाहीर करणारी इंग्लंडची गोल्फपटू चार्ली हल झटपट खेळते आणि संथ खेळणाऱ्यांना कडक दंड व्हावा, असे तिने उघडपणे म्हटले आहे. तिच्या या मागणीला पुष्कळांनी उतावळेपणा ठरवले असेल, मला मात्र ती अगदी रास्त वाटते. त्याच २०२३ साली ती अमेरिकन ओपन आणि ब्रिटिश ओपन या महिलांच्या दोन्ही प्रमुख स्पर्धांत उपविजेती होती.