लाखाच्या आतलं काम: अनुदानाचा अर्ज करावा की वर्गणी काढावी?

मधली आळी (धागाकर्ता)

गावात मुलांचं दहा दिवसांचं नाट्यशिबिर आणि शेवटी एक प्रयोग. एवढ्यासाठी लोकांना 'आधी संस्था नोंदवा, मग अनुदानाचा अर्ज करा' असं सांगितलं जातं. हा सल्ला मला पटत नाही. आकडेच मांडतो.

२५ मुलं. दोन प्रशिक्षक, प्रत्येकी रोजचे १,५०० म्हणजे ३०,०००. ध्वनी-प्रकाश भाड्याने १२,०००. नेपथ्य, कपडे, रंगभूषा १०,०००. नाश्ता डोई ४० रुपये, दहा दिवसांचे १०,०००. प्रवास ६,०००, चित्रीकरण ७,०००, सीएची फी ५,०००. झाले ८०,०००. शाळेचा वर्ग फुकट धरलाय.

आता केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेतलं कार्यक्रम व निर्मितीचं अनुदान घ्या. खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम, म्हणजे फार तर ६०,०००. त्यातलेही ७५ टक्के आधी, बाकीचे हिशेब दिल्यावर. हातात येतात ४५,०००. म्हणजे शिबिर संपेपर्यंत ३५,००० मंडळानेच उभे करायचे. जे मंडळ ३५ उभे करू शकतं, ते शंभर घरांकडून साडेचारशे-साडेचारशे घेऊन उरलेले ४५ पण उभे करेल. शिवाय संस्थेला तीन वर्षं झालेली हवीत. तोवर ती मुलं कॉलेजात.

हिशेबाची वही

गणित बरोबर, निष्कर्ष चूक. वर्गणी म्हणजे बिनकागदाचा पैसा, हा समज आधी काढा. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ क आहेच. गणेशोत्सवात जी तात्पुरती परवानगी काढतात ती हीच. ती न काढता पैसे खजिनदाराच्या बचत खात्यात जमा केले की ते कागदावर त्याचं उत्पन्न दिसतं, आणि दुसऱ्या वर्षी खजिनदार मिळत नाही.

नोंदणी एका अनुदानासाठी करायचीच नसते. सात जण जमवा, १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवा, तीच विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंदवा (म्हणून महाराष्ट्रात संस्थेला दोन क्रमांक असतात), पॅन काढा, मग आयकराची १२ ए (संस्थेला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत). हे झालं की कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी (सीएसआर) लागणारा सीएसआर-१ अर्ज भरता येतो, आणि तशा कामाची तीन वर्षं दाखवता आली की तालुक्याजवळच्या कारखान्याचं दार उघडतं. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृती स्पष्ट लिहिलेली आहे. अशा ठिकाणी ८०,००० ही किरकोळ रक्कम असते आणि स्वहिश्शाची अटही बहुधा नसते.

मधली आळी

आणि त्यासोबत दरवर्षीचं लेखापरीक्षण, विवरणपत्र, ८० जीच्या देणग्यांचं ३१ मेपर्यंतचं विवरण, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये दंड. वर्षात एक शिबिर घेणाऱ्यांनी हे कशाला गळ्यात बांधून घ्यायचं?

वडसेकर

दोघंही तिकीट विसरलात. झाडीपट्टीत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाची गावं मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) नाहीतर शंकरपट (बैलांची शर्यत) धरून नाटक लावतात. गावचं मंडळ वडशाच्या नाटक कंपनीशी रक्कम ठरवतं, विसार देतं, मंडप घालून तिकीट लावतं. उरलं तर मंडळाचं, पडलं तरी मंडळाचंच. दिवाळीपासून पुढचे तीन-चार महिने हा व्यवहार चालतो आणि तो काही अनुदानावर उभा राहिलेला नाही. लोकांना हवं असेल तर लोक पैसे देतात.

काठावरून

वडसेकर, तिथे विकायला तयार नाटक आहे. दहा दिवसांच्या शिबिराला तिकीट कोण काढणार? कोकणातले नमन-खेळेही शिमग्यात घरोघर फिरतात तेव्हा मिळणारं पोस्त खेळ्यांच्या हाती पडतं. त्यातून जुन्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण होत नाही. तिकिटावर प्रयोग उभा राहतो. शिकवणं, नोंद ठेवणं, शोध घेणं उभं राहत नाही. अनुदान लागतं ते या कामांना.

आणि संस्था लागतेच असंही नाही. बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स व्यक्तीला अनुदान देतं, प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत चालतो, मराठीतही. पण तिथे मुलांचं शिबिर पाठवून वेळ घालवू नका. त्यांच्या कलाशिक्षणाच्या अनुदानांचा रोख मुख्यत्वे कर्नाटकातल्या शाळांवर राहिलेला आहे. संशोधन किंवा प्रत्यक्ष कलानिर्मिती या अंगाने जा. 'लोककलेचं संवर्धन' असं लिहिलं की प्रस्ताव बाजूला पडलाच म्हणा. तीन गावांतल्या नमनातली गवळण एकमेकींपासून कुठे आणि का वेगळी आहे, हे मी अमुक महिन्यांत अमुक लोकांसोबत बसून नोंदवणार, असं लिहा. प्रश्न एकच ठेवा. खर्चात गाणाऱ्यांचं मानधन स्वतंत्र ओळीत दाखवा. ते 'इतर'मध्ये लपवलं की वाचणाऱ्याला कळतं गावाला काय मिळणार आहे ते.

हिशेबाची वही

व्यक्तीच्या नावावर आलेला पैसा करपात्र ठरू शकतो. तो हिशेब आधी सीएकडून करून घ्या, नाहीतर जुलैत विवरणपत्र भरताना डोळे पांढरे होतील.

बाकी शासकीय अर्ज कुठे अडकतात ते सांगतो, कारण दोष योजनेला दिला जातो आणि चूक घरची असते. पॅनवर 'नाट्य मंडळ', बँकेत 'नाट्यमंडळ', नोंदणीपत्रावर पुढे गावाचं नाव. तिन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं हवं. त्याहून नडतो तो चेंज रिपोर्ट. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचं असतं. ते राहून जातं, तिथल्या नोंदीत (परिशिष्टावर) जुनीच नावं असतात आणि ठरावावर सह्या नव्यांच्या. म्हणजे कागदोपत्री अनोळखी माणसांनी अर्ज केला.

खर्चाचं तर विचारूच नका. मंजुरीच्या तारखेआधीचं बिल सहसा धरत नाहीत. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्चला याचा दाखला) १२-ए नमुन्यात, सीएच्या सहीने. आलेल्या पैशावर बँकेने दिलेलं व्याज तुमचं नसतं, ते परत करायचं असतं. म्हणून अनुदानाला वेगळं खातं. (हा १२-ए केंद्राच्या वित्तीय नियमांतला, आयकराच्या १२ ए शी गल्लत नको. अर्धे फोन यासाठीच येतात.)

मधली आळी

हे वाचून तर माझंच म्हणणं पक्कं होतं.

काठावरून

तुमच्या ८०,००० मध्येच दोन भोकं आहेत. प्रयोग आहे म्हणजे संहिता आहे. लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन कुठे आहे? महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं, आणि ते आठवड्यावर प्रयोग आला की आठवतं. दुसरं, फुकट मिळालेला वर्ग शून्य दाखवू नका. दहा दिवसांचं बाजारभावाने भाडं किती झालं असतं ते लिहा आणि समोर 'शाळेकडून विनामूल्य' म्हणा, मुख्याध्यापकांचं पत्र जोडा. रोख स्वहिश्शात ते धरतात की नाही हे योजनेवर आहे. पण गाव सोबत आहे हे त्या एका पत्रातून दिसतं.

वडसेकर

आणि दिवे-स्पीकर विकत घ्यायचं अंदाजपत्रकात घालू नका. छोट्या अनुदानात वस्तूखरेदी दिसली की पहिली कात्री तिथेच. भाड्याची तीन कोटेशनं जोडा.

मधली आळी

संहितेचं मान्य. ३,००० वाढवतो, वर्गाचं भाडंही दाखवतो. नोंदणीचं अजूनही अमान्य. पहिली दोन वर्षं ४१ क ची परवानगी आणि छापील पावतीपुस्तक, तिसऱ्या वर्षी मुलं टिकली तर संस्था.

हिशेबाची वही

मग योजनेची तीन वर्षं तिथून मोजायला लागतील. पहिल्या शिबिराचे फोटो, हजेरीपट, गावच्या वार्ताहराने दिलेली बातमी आतापासून फायलीत लावा. आणि पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीही. त्या कोणी जपून ठेवत नाही.