अनुभव धागा : तुमचं आवडतं पुस्तक, पिच्चर, नाटक तुमच्यापर्यंत कुणाच्या आवाजात आलं?

रंकाळाकाठ

परवा कपाट आवरताना जुनं 'मृत्युंजय' हातात आलं, पाठ पूर्ण निघालेली, आणि उघडल्या उघडल्या दोन पानांच्या मधनं तांदळाचे तीनचार दाणे खाली पडले. तिथंच फरशीवर बसून राहिले अर्धा तास. त्यावरनं हा धागा काढायचं मनात आलं.

माझ्या आज्जीला वाचायला यायचं नाही. माहेर आजऱ्याचं, लग्न होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत आली. तिला कुणीतरी सांगितलेलं की आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी कर्णावर एवढं मोठं पुस्तक लिहिलंय, आणि ते इथंच कोल्हापुरात शाळेत मास्तर होते. मग काय, "आमच्या गावच्या पोरानं लिवलंय, मला ते ऐकायचंय." पुस्तक १९६७ चं, मी वाचून दाखवायला लागले तेव्हा आठवीत होते. दुपारी शाळेतनं आलं की चहा, आणि मग आज्जी सूप घेऊन सोप्यात बसायची, आजऱ्याहून आलेला घनसाळ तांदूळ निवडत, आणि मी भिंतीला टेकून वाचायचे.

ज्यांनी वाचलंय त्यांना माहीतच आहे, ती कादंबरी एकटा कर्ण सांगत नाही. कर्ण परत परत येतो, पण मध्ये कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण, आणि शेवटी श्रीकृष्ण. कागदावर वरती नाव दिसतं म्हणून आपल्याला कळतं, पण ऐकणाऱ्याला कसं कळणार? आज्जी सारखी थांबवायची, "आता कोण बोलाय लागलंय?" म्हणून मी आवाज बदलायला लागले. दुर्योधनाला जाड आवाज, वृषालीला जरा हळू, शोणाला माझ्या धाकट्या भावासारखा भाबडा. कुंतीला कुठला आवाज द्यायचा ते मला काही केल्या समजेना. आठवीतल्या पोरीला काय कळणार पोटचं पोर पाण्यात सोडणं. मी सरळ साध्या आवाजात वाचलं. आणि तेव्हा आज्जीचा सुपातला हात थांबला. एरवी ती हूं हूं करत राहायची, शिव्यापण घालायची दुर्योधनाला, त्या दिवशी काहीच नाही. पान संपलं तर म्हणाली, "तेवढंच परत वाच बाई." तीन वेळा वाचलं.

आज मी कुठलंही पुस्तक डोळ्यानं वाचते पण मनात ते ऐकूच येतं, आणि जे ऐकू येत नाही ते पुस्तक मला आवडत नाही, मग ते कितीही गाजलेलं असूदे.

पिच्चरचंही तसंच. 'साधी माणसं' मी आधी आज्जीकडनं ऐकला आणि कितीतरी वर्षांनी टीव्हीवर बघितला. भालजी पेंढारकरांचा १९६५ चा पिच्चर, जयश्री गडकर आणि आपले सूर्यकांत, लोहार नवरा-बायकोची गोष्ट. आज्जी सांगताना भात्याचा आवाज काढायची तोंडानं, फूस्स करून. 'ऐरणीच्या देवा' म्हणताना तिचा हातपण खालीवर व्हायचा. लतादीदींनी आनंदघन नावानं त्याला चाल दिली, शब्द जगदीश खेबुडकरांचे, हे सगळं मला नंतर कळलं, पण गाणं म्हटलं की मला अजून आज्जीचाच आवाज पहिला येतो, लतादीदींचा नंतर.

तुमचं सांगा. आवडत्या दहा गोष्टींची यादी नको, एकच सांगा पण कुणाच्या तोंडनं आलं ते सांगा.

---

पेटीवाल्याचा मुलगा

ताई, बरं झालं हा धागा काढलात, बरेच दिवस हे कुणाला तरी सांगायचं होतं.

आमचे आण्णा पेटी वाजवायचे. नोकरी दुसरीच, पण गल्लीत भजन असूदे, शाळेचं गॅदरिंग असूदे, पेटीवर आण्णाच. घरात देव्हाऱ्याशेजारी गोविंदराव टेंब्यांचा फोटो. का, तर टेंबे कोल्हापूरचेच, पेटीवाल्यांचे ते गुरूच, आणि 'मानापमान'ला चाली त्यांनी दिल्या, १९११ साली. ज्यांना संगीत नाटक म्हणजे मुंबई-पुण्याचं वाटतं त्यांना आण्णा हे ऐकवायचेच.

आण्णांची आवडती गोष्ट म्हणजे संयुक्त मानापमान. ८ जुलै १९२१, मुंबईला, टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग. बालगंधर्व नायिका भामिनी आणि आपले केशवराव भोसले नायक धैर्यधर. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, एक गंधर्व नाटक मंडळी एक ललितकलादर्श, एकमेकांच्या तोडीस तोड, आणि ते एका रंगमंचावर उभे राहिले. आण्णांचा जन्म ह्याच्या कितीतरी नंतरचा, पण सांगायचे असं की जणू पहिल्या रांगेत बसलेले. त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं, म्हणजे मला आलं ते तिसऱ्या तोंडनं. पेटीवर आधी भामिनीचं पद, मग धैर्यधराचं, दोन्ही आवाज स्वतःच, आणि मध्ये थांबून म्हणायचे, "आणि बघ, ह्याच्यानंतर तीन महिन्यात केशवराव गेले. ४ ऑक्टोबर. एकतीस वर्षं वय." प्रत्येक वेळी तिथं पेटीचा भाता बंद करायचे. पुढं वाजवायचे नाहीत त्या दिवशी.

मी 'मानापमान'चा पूर्ण प्रयोग बघितला केशवराव भोसले नाट्यगृहातच, आण्णांच्या शेजारी बसून. शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर, १९१५ सालचं, आधीचं नाव पॅलेस थिएटर. आण्णा अख्खा वेळ मांडीवर बोटं चालवत होते.

८ ऑगस्ट २०२४, गुरुवारची रात्र. मित्राचा फोन आला, केशवराव पेटलंय. आम्ही पळत गेलो, खासबागेकडनं लोळ दिसत होते आणि रस्त्यावर सगळी माणसं उभी, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कोल्हापुरात एवढी गर्दी आणि एवढी शांतता मी कधी बघितली नाही. नाटकवाली मोठी मोठी माणसं ढसाढसा रडत होती. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळं गेलं, दगडी भिंती राहिल्या.

आण्णा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. सांगायचं का नाही ह्यावर घरात वाद झाला, शेवटी मीच सांगितलं. ते बराच वेळ छताकडं बघत राहिले आणि म्हणाले, "पेटी आण." बसता येत नव्हतं, मग मी भाता मारला आणि त्यांनी पडल्या पडल्या एका हातानं वाजवलं. धैर्यधराचं पद, जिथं ते कायम थांबायचे, त्याच्या पुढचं. पहिल्यांदा पुढचं ऐकलं मी.

ते आता नाहीत. थिएटर परत उभं राहील तेव्हा पहिल्या प्रयोगाला मला जायचंय, मग नाटक कुठलंही असूदे.

---

तीन चाकी

मी रिक्षा चालवतो, वाचन कमी, पण पिच्चरचा नाद लहानपणापासनं. माझा आवडता पिच्चर मी कधीच बघितला नाही हे आधीच सांगतो. 'सावकारी पाश', बाबूराव पेंटरांचा, १९२५ चा, मूकपट. त्यात शेतकऱ्याचं काम केलेलं तरुण शांतारामांनी, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. सावकारापायी जमीन जाते आणि गडी शहरात मिलमध्ये जातो अशी स्टोरी.

आमच्या आज्ज्याच्या वडिलांनी तो बघितलेला, आणि आज्जा आम्हाला रात्री गच्चीवर सांगायचा. त्यात एक सीन आहे, अंधारात झोपडी आणि बाहेर कुत्रं रडतंय. आता पिच्चर मुका, कुत्र्याचा आवाज येणार कुठनं? पण आज्जा असा आवाज काढायचा की खाली गल्लीतली खरी कुत्री ओरडायला लागायची. आम्ही वाकळंत तोंड घालायचो. माझ्यासाठी तो पिच्चर मुका नाहीच.

पॅसेंजर बाहेरगावचा असला की खरी कॉर्नरवरनं नेताना मी रिक्षा जरा हळू घेतो आणि तो कॅमेऱ्याचा स्तंभ दाखवतो, सांगतो की पेंटरांनी पिच्चरचा कॅमेरा हितं कोल्हापुरात स्वतः बनवला, आणि प्रभात कंपनी पण १९२९ ला हितंच सुरू झाली, पुण्याला गेली ती १९३३ ला. 'अयोध्येचा राजा' आपल्याकडं असतानाचा, १९३२. वर पेटीवाल्या दादांनी टेंब्यांचं नाव घेतलंय म्हणून सांगतो, त्यात हरिश्चंद्र झालेत ते टेंबेच, आणि म्युझिकपण त्यांचंच. तो मात्र मी मोबाईलवर बघितलाय, दोन वेळा.

---

कागलकडची

'झोंबी'. आनंद यादव आमच्या कागलचे, पुस्तक १९८७ चं, साहित्य अकादमी मिळालेलं. मी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर असताना वाचलं आणि मग सुट्टीत वडिलांना वाचून दाखवलं. आमचे आप्पा चौथीनंतर शाळा सोडून रानात लागलेले. त्यात बाप पोराला शाळेतनं काढून कामाला जुंपतो, पोरगं शिकायसाठी धडपडतं ते सगळं आलं तेव्हा मला वाटलं आप्पांना पोराबद्दल वाईट वाटंल. ते म्हणाले, "बापाला तरी काय हौस हुती व्हय, रानात माणूस लागतंयच की." मग जरा वेळानं म्हणाले, "पर पोरगं जिद्दीचं."

मी एकटीनं वाचताना बापाचा नुसता राग आलेला. आप्पांच्या शेजारी बसून वाचलं म्हणून दोन्ही बाजू कळल्या. एवढंच सांगायचं होतं.

---

सासर_कोल्हापूर

माझं जरा वेगळं. मी विदर्भातली, लग्न होऊन इथं आले तेव्हा घरात सगळे मोठ्यानं बोलतात म्हणून घाबरलेच होते. फक्त मामंजी गप्प असायचे. त्यांच्याशी काय बोलावं कळायचं नाही, दोन वर्षं "चहा ठेवू का" आणि "हो" एवढंच. मग २०१५ ला 'कट्यार काळजात घुसली' पिच्चर आला, ह्यांना सुट्टी नव्हती म्हणून मी आणि मामंजी दोघंच गेलो. गाणं सुरू झालं आणि मामंजी बारीक आवाजात म्हणायला लागले, एकूण एक जागा पाठ! इंटरव्हलला मी विचारलं तर म्हणाले, हे मूळ नाटक १९६७ चं, दारव्हेकरांचं, अभिषेकीबुवांचं संगीत आणि खाँसाहेबांच्या कामात वसंतराव देशपांडे, कॉलेजात असताना वेड लागलेलं. येताना रिक्षा केली नाही, चालत आलो, मामंजी सगळ्या रस्त्यानं बोलत होते. दारव्हेकर आमच्या नागपूरचे हे मी सांगितलं तर रस्त्यात थांबलेच, "होय काय? मग तू आपल्यातलीच की!" असं म्हणाले. त्या दिवशी मी ह्या घरातली झाले असं मला वाटतं.

---

शांत_वाचक

धागा मनापासून वाचला, पण माझं मत थोडं वेगळं आहे. मला पुस्तक शांततेतच लागतं. करवीर नगर वाचन मंदिरात (१८५० पासनं आहे ते वाचनालय, जाऊन या) मी कॉलेजची तीन वर्षं काढली. तिथं 'ययाती' वाचली, आणि खरं सांगतो, विशीत अजिबात झेपली नाही. ज्ञानपीठ मिळालेलं, मराठीतलं पहिलं, १९७४ सालचं, म्हणून नेटानं पूर्ण केली. पंचेचाळिशीत परत वाचली तेव्हा दोन रात्री झोप नाही. दोन्ही वेळा कुणाचाही आवाज नव्हता, मी आणि खांडेकर एवढेच. मोठ्यानं वाचलं की वाचणाऱ्याचं मत त्यात मिसळतं असं मला वाटतं.

---

रंकाळाकाठ

@शांत_वाचक, तुमचं पटतंय आणि नाहीपण. मत मिसळतं हे खरंच आहे, माझ्या दुर्योधनाला मी जाड आवाज दिला म्हणून आज्जीला तो कायम वाईटच वाटला असणार, वाचणारी दुसरी असती तर कदाचित नसता वाटला. पण 'ययाती' बघा ना, तीपण एकट्याची नाही, ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. आणि खांडेकरांची दृष्टी शेवटी शेवटी गेली होती. म्हणजे ज्यांना आपण शांततेत वाचतो ते स्वतः शेवटी ऐकूनच वाचत असणार. विद्यापीठात त्यांचं संग्रहालय आहे, तिथं गेले होते तेव्हा त्यांच्या वस्तूंसमोर मला हेच सारखं वाटत होतं.

@पेटीवाल्याचा मुलगा, तुमचं दोनदा वाचलं. जास्त काही लिहवत नाही.

---

तीन चाकी

ताई एक विचारू काय, एवढं जाडजूड पुस्तक, रोज वाचायचं म्हणजे कितीतरी महिने गेले असतील. रोज रोज निवडायला एवढा तांदूळ असायचा घरात?

---

रंकाळाकाठ

दादा, तुमचा प्रश्न वाचून आईला आत्ता फोन केला. मला कधी सुचलंच नव्हतं विचारायचं. सात-आठ महिने वाचत होतो आम्ही. आई म्हणाली, घनसाळ वर्षातनं एकदा यायचा, एक पोतं, आणि तो चार दिवसात निवडून डब्यात भरलेला असायचा. तू शाळेतनं यायच्या वेळंला आत्ती, म्हणजे तुझी आज्जी, त्याच डब्यातलं दोन मापटी परत सुपात ओतून घ्यायच्या, आणि तू खेळायला गेलीस की परत डब्यात.